आयरिश बँडच्या रेकॉर्डवरून चाल कशी उचलायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पांढरी तीनची बासरी वाजवता. सध्या चीफ्टन्स, प्लँक्स्टी आणि बॉथी बँड ऐकताय. गाणी कळतात, पण नुसत्या वाद्यांच्या चाली दहा मिनिटांत सगळ्या सारख्याच वाटायला लागतात. त्यातल्या दोन-चार बसवायच्या आहेत, पण पट्टी जुळत नाही, वेग झेपत नाही आणि एकाच ट्रॅकला तीन-तीन नावं का, हेही उमगत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय, ‘कोणते अल्बम घेऊ?’

अल्बमची नावं देतोच, पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही बँडचा ट्रॅक ही एक सलग रचना समजून ऐकताय. तो तसा नसतो. त्या ट्रॅकमध्ये दोन, तीन, कधी चार स्वतंत्र चाली एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि त्यावर बँडने आपली मांडणी चढवलेली असते. चाल बहुतेक वेळा जुनी, सगळ्यांच्या मालकीची. मांडणी मात्र त्या बँडची. हे दोन थर कानाने वेगळे काढता येईपर्यंत कितीही अल्बम घेतले तरी सगळं एकसारखंच वाटत राहील.

आधी चालीचा सांगाडा. बहुतेक नृत्यचाली दोन भागांच्या असतात, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, मिळून 32 खंडांचं एक आवर्तन. पहिला भाग सहसा खालच्या स्वरांत फिरतो आणि दुसरा वर चढतो, हीच ओळखीची पहिली खूण. दोन्ही भागांचे शेवटचे दोन खंड पुष्कळदा एकच असतात, त्यामुळे नवख्याला ‘परत तेच आलं’ असं वाटतं. रील या प्रकारच्या काही चालींत मात्र प्रत्येक भाग एकदाच वाजतो आणि आवर्तन 16 खंडांत संपतं. तीन-चार-पाच भागांच्या चालीही आहेत, पण त्यांच्या नादी इतक्यात लागू नका.

आता हे सेकंदांत मोजून पाहा. जिग या नृत्यचालीच्या दुसऱ्या प्रकारात एका खंडात दोन ठोके, म्हणजे 32 खंडांत 64. मिनिटाला 116 ठोक्यांचा वेग धरला तर एक आवर्तन सुमारे 33 सेकंदांत संपतं. चाल दोनदा किंवा तीनदा वाजवून न थांबता पुढच्या चालीत शिरायचं, अशी पद्धत. म्हणजे साधारण एक ते पावणेदोन मिनिटांनी चाल बदलते. घड्याळ समोर ठेवा आणि ऐका. पहिला भाग, पुन्हा पहिला, दुसरा, पुन्हा दुसरा, असं बोटांवर मोजत गेलात की बदलाची जागा आधीच हेरता येते. बदलताना बहुधा स्वरकेंद्र, म्हणजे चालीच्या घरचा स्वरही सरकतो, साथीची वाद्यं क्षणभर थांबतात किंवा एखादं नवं वाद्य आत येतं. पहिल्या आठवड्यात बासरी हातात न घेता एवढंच केलंत तरी चालेल. ‘सगळं सारखं’ ही तक्रार इथेच निम्मी मिटते.

ठेका ओळखणं आपल्या कानाला फार जड नाही. जिग सहाचा, दोन गटांत तीन-तीन. रील आठाचा. स्लिप जिग नऊचा, तीन-तीन-तीन. हॉर्नपाइप रीलसारखाच, पण संथ आणि झोके घेत जाणारा. पोल्का दोनाचा, आखूड आणि ठसकेबाज. जिगला दादरा आणि रीलला केरवा म्हणून सुरुवात करायला हरकत नाही, पण मनात दादऱ्याचा ठेका धरून जिग वाजवलीत तर ती मऊ पडते. जिगमध्ये प्रत्येक तिनातला पहिला स्वर किंचित लांब, मधला आखूड आणि तिसरा पुढच्या ठोक्याकडे ढकलणारा असतो. ही ओढ कागदावर येत नाही, ती रेकॉर्डवरूनच घ्यावी लागते. रेकॉर्ड ऐकण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

आता पट्टी. इथे तुमची बासरी का भांडते ते पाहू. या संगीताची वाद्यं ‘डी’भोवती म्हणजे आपल्या पांढरी दोनभोवती बांधलेली आहेत. टिन व्हिसलची (पत्र्याची छोटी उभी बासरी) आणि लाकडी बासरीची सहाही छिद्रं बंद केली की डी मिळतो. इलन पाइप्सच्या, म्हणजे आयरिश बॅगपाइपच्या, सुरावटीच्या नळीचा तळाचा स्वरही डी. त्यामुळे बहुसंख्य चाली दोनच स्वरसंचांत बसतात. एकात ‘सी’ तीव्र आणि दुसऱ्यात ‘सी’ साधा, बाकी सगळे स्वर तेच. पहिल्यात डी मेजर, ई डोरियन आणि ए मिक्सोलिडियन येतात, दुसऱ्यात जी मेजर, ए डोरियन आणि डी मिक्सोलिडियन. आपल्या थाटांच्या भाषेत मेजर म्हणजे बिलावल, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि डोरियन म्हणजे काफी. हे साम्य फक्त स्वरांच्या जागांपुरतं आहे, चलनाशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्या बासरीवर वरची तीन छिद्रं बंद केली की षड्ज, सहाही बंद केली की मंद्र पंचम. पांढरी पाचच्या बासरीचा मंद्र पंचम डी येतो. म्हणजे पांढरी पाचची बासरी आणि डीची आयरिश बासरी यांची छिद्रांची मांडणी स्वरांपुरती एकच. वरून तीन बंद तर दोन्हीकडे जी, सगळी उघडी तर दोन्हीकडे तीव्र सी, म्हणजे तुमचा तीव्र मध्यम. हे कळलं की निम्मं कोडं सुटतं. जी मेजरची चाल म्हणजे तुमचा नेहमीचा षड्ज. डी मेजरची चाल म्हणजे घर मंद्र पंचमावर आणि मध्यम तीव्र. सुरुवातीला मन दुसऱ्या षड्जावर जायला तयार होत नाही, म्हणून पहिल्या काही चाली जीमधल्याच घ्या.

त्यामुळे माझा सल्ला असा की पांढरी पाचची मध्यम लांबीची एक बासरी घ्या. ती घ्यायची नसेल तर रेकॉर्ड खाली आणा. जी ते ई हे तीन अर्धस्वर, तेवढी पट्टी उतरवली की जीमधली चाल तुमच्या पांढरी तीनच्या षड्जावर येऊन बसते. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात वेग न बदलता पट्टी आणि पट्टी न बदलता वेग, दोन्ही बदलता येतं.

पण इथे एक खाच आहे आणि ती भल्याभल्यांना गोंधळात टाकते. बँड नेहमी डीच्याच वाद्यांवर वाजवतात असं नाही. धार यावी म्हणून बरेच वादक अर्धा स्वर चढवून, म्हणजे काळी दोनच्या वाद्यांवर वाजवतात, मग बोटं जीची असली तरी कानाला जीच्या वरचा अर्धस्वर येतो. उलट एकट्या पाइप्सचं रेकॉर्डिंग पुष्कळदा सी किंवा बीपर्यंत उतरलेल्या जुन्या धाटणीच्या संचावर असतं. आणि मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर तर भरवसाच ठेवू नका. त्या काळी ध्वनिमुद्रणाचा वेग नेमका 78 असेलच असं नव्हतं, आणि सहा टक्के फरक पडला की अख्खा अर्धस्वर सरकतो. त्यामुळे छापील पुस्तकात ‘जी’ लिहिलंय आणि रेकॉर्ड जुळत नाही म्हणून स्वतःच्या कानाला दोष देऊ नका.

रेकॉर्डची पट्टी शोधायची सोपी रीत म्हणजे तानपुऱ्याचं ॲप. ट्रॅकच्या अगदी शेवटी सगळे जिथे थांबतात तो स्वर गुणगुणा आणि तानपुरा अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकवत तिथे आणा. मधल्या चालीच्या शेवटच्या स्वरावर मात्र विसंबू नका, कारण काही चाली घरच्या स्वरावर संपतच नाहीत. त्या गोल फिरत राहाव्यात म्हणून तशाच बांधलेल्या असतात. तिथे गिटारचा किंवा बूझूकी या लांब मानेच्या तारवाद्याचा खर्जातला स्वर ऐका. तानपुरा जवळपास जुळला पण सूर थोडा वरखाली राहिला तर तेवढा फरक ऑडॅसिटीत सेंटमध्ये (अर्धस्वराचा शंभरावा हिस्सा) दुरुस्त करा. बासरी ओठांनी वळवून जुळवत बसलात तर वेगात वाजवताना सूर सुटतो.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर बदलाची जागा मोजून हेरा, तानपुऱ्याने घर शोधा आणि मग रेकॉर्ड तुमच्या बासरीवर आणा. आता चाल उचलू.

उदाहरणाला ‘केश जिग’ घेऊ. ही पारंपरिक चाल आहे, जी मेजरमध्ये, आणि बॉथी बँडच्या 1975च्या पहिल्या अल्बमचा पहिला ट्रॅक हिच्यापासूनच सुरू होतो. पहिला भाग आपल्या स्वरलिपीत असा. सहा मात्रांचा एक खंड, आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवणे, आणि शेवटच्या खंडातला निषाद मंद्र:

सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे |
सा – – सा रे ग | रे – – रे ग प | ध प प सां प ग | रे सा नि सा – – |

तो एक निषाद सोडला तर भूपाचे स्वर. पण भूप समजून वाजवायला गेलात तर गांधारावर रेंगाळाल आणि धैवतावरून पंचमावर मींड घ्याल. तिथेच जिग मेली. या चालीत स्वर जागच्या जागी, सुटा, ठोक्याला बांधलेला हवा. मींड आणि गमक पूर्ण बाजूला ठेवा. संथ सुरावटींत थोडा घसरता स्वर चालतो, नृत्यचालीत नाही.

क्रम असा ठेवा. आधी भाग एक तोंडाने म्हणा, रेकॉर्डबरोबर. म्हणता येत नाही ते वाजवायचं नाही, हा नियम इथेही तोच. मग वेग 60 टक्क्यांवर आणा, म्हणजे 116चा ठोका 70च्या आसपास येतो. दोन खंडांचा तुकडा फिरता लावा आणि तो बसला की पुढचे दोन. दोन-दोन खंडांचे तुकडे पाठ करून शेवटी जोडू नका, कारण सांधे तिथेच अडतात. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या तीन मात्रांपासून सुरू करा. वेग वाढवताना पाच-पाच टक्क्यांनी. 80 टक्क्यांना श्वासाची जागा ठरवा, कारण व्हायोलिनवाला श्वास घ्यायला थांबत नाही, तुम्हाला मात्र स्वर गाळूनच श्वास घ्यावा लागतो. आयरिश बासरीवाले नेमकं तेच करतात. लांब स्वराचा शेवटचा तिसरा हिस्सा, किंवा तीन स्वरांच्या गटातला मधला स्वर सोडून श्वास घेतात. ठोक्यावरचा स्वर कधीच गाळायचा नाही. वरच्या चालीत पहिल्या खंडातल्या ‘सा – –’ची शेवटची मात्रा ही श्वासाची आयती जागा आहे, पण प्रत्येक आवर्तनात तिथेच घेऊ नका, कानाला खड्डा जाणवतो.

चाल साधी बसल्यावरच अलंकार. ‘कट’ म्हणजे वरच्या स्वराचा निमिषभराचा स्पर्श. आपल्या कणासारखा दिसतो, पण त्याचं काम वेगळं आहे. कण स्वराला रंग देतो, कट दोन सारख्या स्वरांना तोडतो किंवा ठोक्याला टोक आणतो. त्याचा स्वर ऐकू आला तर तो लांब झाला असं समजा. ‘लाँग रोल’ हा तीन मात्रांचा. ‘सा – –’च्या जागी सा वाजवा, तिसऱ्या छिद्रावरचं बोट क्षणभर उचलून परत सा, मग चौथ्या छिद्रावर बोट आपटून पुन्हा सा. तीन सा, मध्ये एक वरचा आणि एक खालचा टिचका. नवशिके तिन्ही सा समान वाजवतात आणि रोल यंत्रासारखा वाटतो. पहिला सा लांब ठेवा, उरलेलं सगळं दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेत आटपा. आधी ‘सा’ आणि ‘रे’वरच बसवा. कारण त्या दोन स्वरांवर बोटं सोपी पडतात आणि या चालीला तेवढेच पुरतात.

शुद्ध मध्यम, म्हणजे साधा सी, ही आपल्या बासरीची या संगीतातली सर्वांत अडचणीची जागा. अर्धं छिद्र उघडून तो संथ लयीत सुंदर येतो, जिगच्या वेगात मात्र घसरतो. व्हिसलवाले पहिलं छिद्र उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करतात. मोठ्या छिद्रांच्या बासरीवर ही बोटं बहुधा चढा स्वर देतात, तेव्हा तुमच्या बासरीवर तानपुऱ्याशी लावून तपासा. जमत नसेल तर साध्या सीच्या चाली पुढे ढकला. केशच्या पहिल्या भागात मध्यमच नाही, म्हणूनही ती सुरुवातीला बरी.

आता बँड आणि अल्बम. ‘सर्वोत्तम दहा’ अशी यादी देत नाही, कारण कोणता ऐकावा हे तुम्हाला त्यातून काय काढायचंय यावर अवलंबून आहे.

मांडणी कशी उभी राहिली ते समजायचं असेल तर शॉन ओ रिआडा या संगीतकारापासून सुरू करा. 1959च्या ‘मिशा एरा’ या चित्रपटाच्या संगीताने तो घराघरांत पोचला आणि त्यानंतर लगेच त्याने ‘क्योल्तोरी खूलन’ हा वाद्यमेळ जमवला. तोवर समूहवादन म्हणजे केली बँड, नाचाच्या सभागृहात पियानो-ड्रमसह सगळ्यांनी सतत एकच चाल वाजवणं. ओ रिआडाला ते पटत नव्हतं. त्याने वाद्यांना आळीपाळीने पुढे आणलं, मागे नेलं, स्वतः हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वजावर बसला आणि बौरॉन हा हाताने किंवा छोट्या काठीने वाजवायचा कातडी डफ मंचावर आणला. त्यातलेच पाइप्सवादक पॅडी मलोनी यांनी 1962मध्ये डब्लिनला चीफ्टन्स उभे केले. त्यांचा क्लॅडा या कंपनीने काढलेला पहिला अल्बम ऐका. गिटार नाही, पियानो नाही. पाइप्स, व्हिसल, बासरी, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), कॉन्सर्टिना (हातातली छोटी भात्याची पेटी), बौरॉन. वाद्यं कमी आणि आत-बाहेर जाणारी, त्यामुळे कोणत्या वाद्याचा रंग कसा हे ओळखायला याच्याइतकी सोयीची तबकडी नाही. 1973चा चौथा अल्बमही घ्या. 1995चा ‘द लाँग ब्लॅक व्हेल’ स्टिंग, मिक जॅगर अशा पाहुण्यांनी भरलेला आहे. छान आहे, पण चाली शिकण्यासाठी निरुपयोगी.

या सगळ्या मेळांत सूर वाजवणारी वाद्यं एकच चाल एकाच वेळी वाजवतात, प्रत्येकजण आपापल्या लकबीने. आपल्या मैफलीत हार्मोनियमवाला गायकाच्या पाठोपाठ तीच जागा थोडी वेगळी घेतो, तसं. त्यामुळे ‘खरे स्वर कोणते’ हा प्रश्न बँडच्या रेकॉर्डवर सुटत नाही. फिडल एक म्हणते, पाइप्स दुसरं, आणि दोन्ही बरोबर असतात.

प्लँक्स्टीचं वैशिष्ट्य वेगळं. क्रिस्टी मूर, अँडी अर्व्हाइन, डोनल लनी आणि पाइप्सवर लियम ओ’फ्लिन. काळ्या मुखपृष्ठामुळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखली जाणारी त्यांची पहिली तबकडी 1973ची. इथे ग्रीसमधून आलेली बूझूकी आणि मँडोलिन नुसते ठेके धरत नाहीत, एकमेकांत गुंफलेल्या स्वतंत्र ओळी वाजवतात. त्यातला ‘रॅगल टॅगल जिप्सी’ हा ट्रॅक मुद्दाम ऐका. गाणं संपतं आणि न थांबता ‘तूर दम द लॉव’ ही सतराव्या शतकातल्या हार्पवादकाची संथ सुरावट सुरू होते. जोड कुठे पडला हे पहिल्या ऐकण्यात सापडलं, तर तुमचा कान तयार होतोय. ती सुरावट बासरीवर सुरेख बसते आणि तिथे तुमचा लांब श्वास कामी येतो.

बॉथी बँडला मात्र मी नवख्यांना सुरुवातीला फक्त ऐकायला सांगतो, शिकायला नाही. पाइप्सवर पॅडी कीनन, बासरीवर मॅट मलॉय, फिडलवर आधी टॉमी पीपल्स आणि 1976च्या ‘ओल्ड हॅग यू हॅव किल्ड मी’पासून केव्हिन बर्क, खाली मीहॉल ओ डोनलची गिटार, त्रिओना नी गोनलचं क्लॅव्हिनेट (विजेवर चालणारं कीबोर्ड) आणि लनीची बूझूकी. तिन्ही सूरवाद्यं एकत्र सुटतात तेव्हा जो रेटा तयार होतो त्याला तोड नाही. पण त्यातून एका बासरीची बोटं वेगळी काढणं अवघड. शिवाय तुम्ही त्या वेगाच्या मागे लागता आणि ठोका हातातून निसटतो. 70च्या दशकातल्या स्टीरिओ मिश्रणात वाद्यं डाव्या-उजव्या बाजूला विभागलेली असली तर हेडफोनचा एकच कान लावून पाहा. थोडी मदत होते.

त्याऐवजी त्याच वादकांची विरळ रेकॉर्डिंग्ज शोधा. चाल उचलायला हाच राजमार्ग आहे. मलॉय, पीपल्स आणि पॉल ब्रेडी या तिघांचा 1978चा अल्बम म्हणजे बासरी, फिडल आणि गिटार. बर्क आणि ओ डोनल यांचा 1979चा ‘प्रॉमेनाड’ म्हणजे फिडल आणि गिटार. आणि बासरीवाल्याने चुकवूच नये असा मेरी बर्गिनचा 1979चा टिन व्हिसलचा अल्बम, ‘फ्यादोगा स्टॉन’. जिभेचा हलका ठोका कुठे, बोटाचा कट कुठे, श्वास कुठे, सगळं स्वच्छ ऐकू येतं. आयरिश संगीतात बँडच्या नावापेक्षा वादकाच्या नावामागे जाणं जास्त फळतं. लनी प्लँक्स्टीतही होता, बॉथीतही आणि 1981च्या मूव्हिंग हार्ट्स या बँडमध्येही. मलॉय बॉथी बँडनंतर प्लँक्स्टीत आला आणि 1979मध्ये चीफ्टन्समध्ये गेला.

पुढच्या पिढीत ऑल्टन हा बँड घ्या. डोनेगल या उत्तरेकडच्या भागाची शैली, मरेड नी वीनीची फिडल, गजाचे तुटक आणि टोकदार फटके. 1993चा ‘आयलंड एंजल’ चांगला नमुना. लूनासा या बँडमध्ये डबल बास आल्यामुळे तळ भरतो आणि बासरी, पाइप्स, फिडल मोकळी होतात. 1999चा ‘अदरवर्ल्ड’ ऐका. द ग्लोमिंग या बँडचा 2014चा पहिला अल्बम अगदीच वेगळ्या वळणाचा. पियानोच्या विस्तीर्ण जागेत फिडलवादक मार्टिन हेझ चाल इतकी सावकाश उलगडतो की आपल्याला आलापाची आठवण यावी. ख्याल ऐकणाऱ्यांना हा अल्बम लगेच जवळचा वाटतो, पण नृत्यचालीचा ठेका यातून शिकू नका. आणि ‘केल्टिक रिलॅक्सेशन’ असल्या नावांच्या याद्या बंद करा. त्यात सिंथेसायझरचं धुकं असतं, चाल क्वचितच.

अगदी मागे जायचं असेल तर आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवादक मायकेल कोलमन (1891–1945) ऐका. 1920च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या त्याच्या 78च्या तबकड्या आयर्लंडला परत पोचल्या आणि अनेक फिडलवादकांनी त्या शैलीची, अगदी चालींच्या जोड्यांसकट, नक्कल केली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यामुळे दोन चालींचा जोड सोयीचा ठरायचा. पियानोच्या साथीकडे दुर्लक्ष करा, साथीदाराला पुष्कळदा चालच माहीत नसे आणि स्वरसंगती सरळ चुकलेली असते.

शेवटी नावांचा घोळ. ट्रॅकवर तीन नावं म्हणजे तीन चाली, वाजवण्याच्या क्रमाने. पण एकाच चालीला पाच नावं असू शकतात आणि एकाच नावाच्या तीन निराळ्या चाली. ‘गन अनिम’ असं दिसलं तर ते चालीचं नाव नव्हे, ‘नाव नाही’ असं सांगणारी नोंद आहे. व्यक्तीचं नाव असेल तर ती चाल त्या व्यक्तीकडून मिळाली असेल किंवा तिने रचली असेल. गॉलवेचे पॅडी फेही आपल्या रचनांना नावंच देत नसत, म्हणून त्यांच्या सगळ्याच चाली ‘पॅडी फेहीज’ या एकाच नावाने फिरतात. म्हणून नावावरून शोधू नका, सुरांवरून शोधा. ट्यूनपल हे ॲप ऐकून चाल ओळखतं. अख्ख्या बँडच्या गलक्यात ते गडबडतं, तेव्हा पहिले आठ खंड स्वतः बासरीवर वाजवून त्याला ऐकवा. ‘द सेशन’ या संकेतस्थळावर त्याच चालीचे वेगवेगळे पाठ आणि ती कोणकोणत्या अल्बमवर आहे याची नोंद मिळते. तिथले स्वर कुणा एकाच्या पाठाचे असतात, त्यात अलंकार नसतात. ते रेकॉर्डशी जुळले नाहीत तर रेकॉर्ड खरी माना. फ्रान्सिस ओ’नील या शिकागोच्या पोलीसप्रमुखाने 1903मध्ये 1,850 चालींचा आणि 1907मध्ये 1,001 नृत्यचालींचा संग्रह छापला. तेही आज फुकट उपलब्ध आहेत, पण पट्टी आणि नाव दोन्ही आजच्या प्रचाराहून वेगळी निघू शकतात. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधल्या आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयाने जुनी रेकॉर्डिंग्ज मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन खुली केली आहेत. एकट्या वादकाची शुद्ध उदाहरणं हवी असतील तर आधी तिथे शोधा.

केश बसल्यावर दुसरी जिगही जी मेजरमधलीच घ्या आणि दोन्ही न थांबता जोडून वाजवा. बदलाच्या क्षणी ठोका डळमळतो की नाही ते रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या चालीचं शेवटचं आवर्तन सुरू झालं की दुसऱ्या चालीचे पहिले सहा स्वर मनात म्हणायला लागा. बदल अडखळतो तो बोटांमुळे नाही, पुढची चाल वेळेवर आठवत नाही म्हणून. हे जमलं की डी मेजरकडे वळा, मंद्र पंचम घर धरून. आणि त्यानंतर बॉथी बँडचा तो पहिला ट्रॅक पूर्ण वेगात लावून केशपुरतं त्यांच्याबरोबर वाजवून पाहा.